नागपूरकरांनो, दिनविशेष असा करा: तारीख शोधण्यापासून फळ्यावर लिहिण्यापर्यंत

शाळेच्या फळ्यावर, वाचनालयाच्या बोर्डावर, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाहीतर स्वतःच्या स्टेटसवर रोज सकाळी "आजच्या दिवशी" लिहिणारे लोक आपल्या नागपुरात भरपूर आहेत आणि मला हे लोक मनापासून आवडतात, कारण सकाळी सकाळी दोन ओळी वाचून माणूस दिवसभर त्याचा विचार करत राहतो. पण बहुतेक ठिकाणी होतं काय, की तयार यादी येते, तीच पुण्यात, तीच मुंबईत, तीच इकडे सक्करदऱ्यात, आणि त्यात नागपूर कुठेच नसतं. वर अर्ध्या तारखा कोणी तपासलेल्या नसतात. म्हणून स्वतःचा दिनविशेष कसा उभा करायचा ते लिहून काढतो. काम कठीण नाही, फक्त प्रत्येक तारखेला तीन प्रश्न विचारायची सवय लागली पाहिजे: ही तारीख कोणत्या कॅलेंडरची, कोणत्या ठिकाणची, आणि नेमकी कशाची?

आधी वही करा

एक जाड रजिस्टर घ्या किंवा एक्सेल शीट उघडा आणि ३६६ पानं म्हणजे ३६६ ओळी पाडा, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, २९ फेब्रुवारी धरून. वर्षाप्रमाणे नाही, तारखेप्रमाणे. प्रत्येक नोंदीत वर्ष, काय घडलं, कुठे घडलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही माहिती तुम्हाला कुठून मिळाली ते लिहायचं. हा शेवटचा रकाना लोक सोडून देतात आणि मग दोन वर्षांनी कोणी विचारलं की "हे कशावरून?" तर सांगता येत नाही. नोंदीपुढे एक खूण ठेवा, तपासलेलं की न तपासलेलं. न तपासलेलं फळ्यावर जाणार नाही, बस, एवढा एक नियम पाळला तरी तुमचा दिनविशेष निम्म्या ग्रुपांपेक्षा चांगला होतो.

आणि याच्या जोडीला दुसरी छोटी वही, तिथीची. ही का लागते ते नागपुरात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको, तरी सांगतोच, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

तारीख आणि तिथी

१४ ऑक्टोबर १९५६. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग आपल्या लाखो अनुयायांना दिली. तो दिवस रविवार होता आणि त्या दिवशी विजयादशमी होती, अशोक विजयादशमी. आता दीक्षाभूमीवरचा मोठा सोहळा दसऱ्याला होतो, देशभरातून लोक येतात, आणि १४ ऑक्टोबरलाही लोक अभिवादनाला येतातच. म्हणजे ही नोंद दोन्ही वह्यांमध्ये पाहिजे. तारखेच्या वहीत १४ ऑक्टोबर, तिथीच्या वहीत आश्विन शुद्ध दशमी. दसरा २०२४ ला १२ ऑक्टोबरला होता, २०२५ ला २ ऑक्टोबरला, म्हणजे तिथीची वही दरवर्षी कॅलेंडर आलं की बसून त्या वर्षाच्या तारखांशी जुळवावी लागते. डिसेंबरमध्ये नवीन कालनिर्णय घरात आलं की एक संध्याकाळ याच कामाला द्या.

राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापनाही नागपूरची आणि विजयादशमीचीच, २७ सप्टेंबर १९२५. २०२५ ला शंभर वर्षं झाली तेव्हा दसरा नेमका २ ऑक्टोबरला आला, म्हणजे एकाच दिवशी गांधी जयंती, दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि संघाची शताब्दी. अशा दिवशी फळा लिहिणाऱ्याने आधी ठरवून ठेवायचं की आपल्या वाचकांसमोर काय, कोणत्या क्रमाने मांडायचं, सकाळी साडेसातला घाईत ठरवायला गेलात की काहीतरी राहून जातं आणि मग ज्यांचं राहिलं त्यांचं मन दुखतं.

पोळा, तान्हा पोळा, मारबत हे सगळं तिथीचं. पोळा श्रावण अमावस्येला, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि त्याच दिवशी महाल, इतवारी भागातून काळी आणि पिवळी मारबत निघते, बडगे निघतात (हे सगळे वाजतगाजत मिरवून शेवटी जाळायचे पुतळे). ही एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली आपली खास गोष्ट आहे आणि तयार यादीत ती कधीच येत नाही, कारण यादी तारखेची असते. म्हणून म्हणतो, दुसरी वही कराच.

तुकडोजी महाराजांचं उदाहरण तर फारच चांगलं आहे. महाराजांचं महानिर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ चं. ११ ऑक्टोबरला सगळे ग्रुप अमिताभ बच्चनच्या वाढदिवसाने भरलेले असतात, जन्म १९४२ चा, आणि ते असू द्या, तेही लोकांना आवडतं. पण गुरुकुंज मोझरीचा पुण्यतिथी महोत्सव तिथीने होतो, आश्विन वद्य पंचमीला, आणि तिथे दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. विदर्भातली कितीतरी गावं त्या वेळेला जिथे असतील तिथे थांबतात. तेव्हा ११ ऑक्टोबरच्या पानावर महाराजांची नोंद पाहिजे आणि तिथीच्या पानावर ४:५८ ही वेळ पाहिजे, म्हणजे त्या दिवशी सकाळीच लोकांना आठवण देता येते.

अजून एक नागपुरी अडचण. आपल्या शेजारी हिंदी बोलणारी कितीतरी घरं आहेत आणि त्यांचं पंचांग पौर्णिमेला महिना संपवतं, आपलं अमावस्येला. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो, पण वद्य पक्षात त्यांचा महिना एक पुढे. म्हणून कृष्णजन्म आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमी आणि त्यांच्याकडे भादो कृष्ण अष्टमी, दिवस मात्र तोच. हिंदी साइटवरून तिथी उचलली आणि मराठी पंचांगात शोधायला गेलात तर एक महिना चुकतो. वद्य पक्षातली तिथी दिसली की आधी बघायचं, माहिती कुठल्या बाजूची आहे.

जुन्या तारखांचं वेगळंच प्रकरण

शिवजयंती आपण १९ फेब्रुवारीला करतो, १६३० सालची. तिथीने फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. आणि आधी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ हीसुद्धा मानली जायची, म्हणजे १६२७. हा वाद अनेक दशकं चालला, शेवटी राज्य सरकारने १९ फेब्रुवारी पक्की केली. पण ती १९ फेब्रुवारी जुन्या म्हणजे ज्युलियन कॅलेंडरची आहे. आजच्या कॅलेंडरने तो दिवस १ मार्च १६३० येतो. राज्याभिषेकाचं तसंच, ६ जून १६७४ ही तारीख जुन्या कॅलेंडरची, नव्याने १६ जून. त्या काळात इंग्रज जुनंच कॅलेंडर वापरायचे, त्यांनी ते १७५२ मध्ये बदललं आणि बदलताना २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. रोमच्या पोपने तर १५८२ मध्येच बदललं होतं, ४ ऑक्टोबरनंतर १५ ऑक्टोबर. रशियाने फार उशिरा, १९१८ मध्ये बदललं, म्हणून तिथली ऑक्टोबर क्रांती ७ नोव्हेंबरला साजरी व्हायची.

मग आपण काय करायचं? १९ फेब्रुवारी बदलायची नाही. जो दिवस महाराष्ट्र मानतो तोच आपल्या वहीत मुख्य. पण नोंदीत एक ओळ ठेवा की ही ज्युलियन तारीख आहे. एखादा मुलगा विचारतो, "सर, मग त्या दिवशी वार कोणता होता?" आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये मागे जाऊन बघितलं तर तिथीशी काही जुळत नाही, तेव्हा ही ओळ कामाला येते.

पानिपतचंही बघा. १४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी. दरवर्षी फॉरवर्ड येतो की ऐन संक्रांतीच्या दिवशी युद्ध झालं. आता संक्रांत ही सूर्यावर चालते आणि साधारण सत्तरेक वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. १८६३ ला १२ तारखेला असेल तर शंभर वर्षं आधी ती त्याच्याही अलीकडे असणार, १४ ला कशी येईल? एवढा हिशोब कागदावर मांडला की फॉरवर्ड आपोआप बाजूला पडतो आणि मुलांना हे सांगितलं तर त्यांना लढाईइतकंच हे आवडतं, खरंच.

तपासायचं कसं

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कामाची युक्ती म्हणजे वार काढणे. हिंदी सिनेमे गेली कितीतरी दशकं शुक्रवारी लागतात. शोले १५ ऑगस्ट १९७५, शुक्रवार. दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे २० ऑक्टोबर १९९५, शुक्रवार. लगान आणि गदर एकाच दिवशी, १५ जून २००१, शुक्रवार. सैराट २९ एप्रिल २०१६, शुक्रवार. आता कोणी तुम्हाला नव्वदच्या दशकातल्या सिनेमाची तारीख दिली आणि वार मंगळवार निघाला तर थांबायचं, दुसरीकडे बघायचं. जुन्या सिनेमांना हा नियम लावू नका मात्र, आलम आरा १४ मार्च १९३१ ला लागला तेव्हा शनिवार होता. टीव्हीचंही तसंच, रामायण २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं, महाभारत २ ऑक्टोबर १९८८ ला, दोन्ही रविवार, आणि ज्यांनी ते रविवार बघितलेत त्यांना वार विचारायचीही गरज नाही.

दुसरं, तारीख नेमकी कशाची? राजा हरिश्चंद्रचे दोन दिवस सापडतात, २१ एप्रिल १९१३ आणि ३ मे १९१३. दोन्ही बरोबर आहेत. २१ एप्रिलला ऑलिंपिया थिएटरमध्ये निवडक लोकांसाठी खेळ झाला, ३ मे ला कॉरोनेशनमध्ये सगळ्यांसाठी लागला. मग "दोन साइट दोन तारखा देऊन राहिल्या" म्हणून वैतागायचं नाही, दोन्ही पानांवर वेगवेगळी नोंद करायची. तसंच सेन्सॉरची तारीख वेगळी, प्रीमियरची वेगळी, थिएटरला लागल्याची वेगळी. इमारतीचं भूमिपूजन वेगळं, उद्घाटन वेगळं. दीक्षाभूमीचा स्तूप १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते लोकार्पण झाला, बांधकाम त्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालं होतं.

सिनेमाच्या बाबतीत नागपूरकरांनी अजून एक लक्षात ठेवायचं. पूर्वी प्रिंट मोजक्या असायच्या, मुंबईत लागलेला सिनेमा आपल्याकडे कधी कधी बऱ्याच आठवड्यांनी यायचा, आणि वितरणाच्या धंद्यात आपला टापू अजूनही सी.पी. बेरार (जुना मध्यप्रांत आणि वऱ्हाड) म्हणूनच ओळखला जातो. त्यामुळे "आजच्या दिवशी नागपुरात लागला" असं लिहायचं असेल तर मुंबईची रिलीज डेट चालणार नाही. त्यासाठी जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली काढून सिनेमाच्या जाहिराती बघाव्या लागतात. धूळ खावी लागते पण त्यात जी मजा आहे ना, थिएटरचं नाव, खेळाच्या वेळा, तिकिटाचे दर सगळं हाती लागतं.

तिसरं, ठिकाण. माणूस चंद्रावर उतरला २० जुलै १९६९ ला, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण यान उतरलं तेव्हा आपल्याकडे २१ जुलैची रात्र पावणेदोनच्या पुढे गेली होती आणि आर्मस्ट्राँगने पाऊल ठेवलं तेव्हा सकाळचे जवळपास साडेआठ. म्हणजे तुमच्या आजोबांनी रेडिओवर ते ऐकलं असेल तर २१ तारखेला ऐकलं. मायकेल जॅक्सन गेला २५ जून २००९ ला दुपारी लॉस एंजेलिसमध्ये, इथे २६ जूनची पहाट उजाडायची होती. माझं मत असं की जिथे घडलं तिथली तारीख मुख्य ठेवायची आणि "भारतात तेव्हा २१ जुलै होती" ही ओळ खाली जोडायची, कारण घरातल्या मोठ्यांची आठवण आणि फळा या दोन्हीत भांडण लागायला नको. चांद्रयान ३ ला हा प्रश्नच नाही, २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटं, आपलीच वेळ.

वर्तमानपत्राच्या कात्रणावरून नोंद घेताना पेपरची तारीख लिहू नका. बातमी आदल्या दिवशीची असते, कधी कधी दोन दिवस आधीची. जन्मतारखांबद्दलही सावध, जुन्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरळ १ जून नाहीतर १ जुलै टाकून दिलेली असायची, म्हणून मोठ्या माणसांच्या वाढदिवसांची या दोन तारखांना फार गर्दी दिसते. अशी तारीख असेल तर दुसरा पुरावा शोधा. भगतसिंगांचा जन्म २७ सप्टेंबर की २८ सप्टेंबर १९०७, दोन्ही छापलेलं सापडतं, तिथे शाळेच्या बोर्डावर २८ घेतात ते घ्या आणि वहीत दोन्ही लिहा.

आणि दोन साइटवर एकच गोष्ट दिसली म्हणजे दोन पुरावे झाले असं नाही. वाक्य शब्दशः सारखं असेल तर एकाने दुसऱ्याचं उचललेलं आहे, तो एकच पुरावा. मराठी विश्वकोश, गॅझेटिअर, क्रिकेटचा स्कोअरकार्ड, त्या काळचं वर्तमानपत्र, कोनशिला, या गोष्टींना वजन द्या. कोनशिलेवरून आठवलं, रविवारी सकाळी तर्री पोहे खाऊन झाले की महाल, सीताबर्डी, सिव्हिल लाइन्स असं फिरा आणि जिथे कुठे जुनी पाटी, कोनशिला दिसेल तिचा फोटो काढा. शाळा, दवाखाने, पूल, विहिरी, देवळं. त्यावरची तारीख थेट दगडात कोरलेली असते आणि तुमच्याआधी ती कोणत्याच यादीत आलेली नसते. तुमच्या दिनविशेषाची खरी कमाई हीच.

किती वर्षं झाली ते मोजताना

चालू वर्षातून घटनेचं वर्ष वजा केलं की पूर्ण झालेली वर्षं मिळतात. पण कितवा दिवस साजरा होतो ते काढायचं तर एक वाढवायचा. १५ ऑगस्ट २०२२ ला स्वातंत्र्याला ७५ वर्षं पूर्ण झाली आणि तो ७६ वा स्वातंत्र्यदिन होता. शतकाचंही असंच, शताब्दी वर्ष आदल्या वर्षी सुरू होतं आणि शंभर वर्षं नंतर पूर्ण होतात. नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३, शंभर वर्षं पूर्ण ४ ऑगस्ट २०२३. शिवराज्याभिषेकाचं ३५० वं वर्ष २०२३ मध्ये सुरू झालं आणि ३५० वर्षं पूर्ण झाली २०२४ मध्ये. फळ्यावर "३५० वं वर्ष" लिहिलंय की "३५० वर्षं पूर्ण" लिहिलंय, एवढं बघा.

एका दिवशी दहा गोष्टी, मग निवडायचं काय

माझा नियम: एक मोठी, एक नागपूरची, एक गाण्या-सिनेमा-खेळाची. तीनच. दहा ओळींची यादी कोणी वाचत नाही, तीन गोष्टी लोक घरी जाऊन सांगतात. आणि जमलं तर त्या तिघींमध्ये काहीतरी धागा शोधायचा.

४ ऑगस्ट घ्या. किशोरकुमारचा जन्म, १९२९, खंडवा. सगळे गाणी टाकतात. त्याच तारखेला १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ सुरू झालं. वरवर काही संबंध नाही, पण खंडवा तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडात होतं आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर. म्हणजे किशोरदा जन्मले ते नागपूरहून कारभार चालायच्या त्या मुलखात. हे लिहिलं की नागपूरकर वाचक थांबतो.

३१ ऑक्टोबर. सरदार पटेलांचा जन्म १८७५, इंदिरा गांधींची हत्या १९८४, हे देशभर होतं. पण ३१ ऑक्टोबर १९८७ ला सिव्हिल लाइन्सच्या जुन्या व्हीसीए मैदानावर वर्ल्ड कपची भारत विरुद्ध न्यूझीलंड मॅच झाली, चेतन शर्माने हॅट्‌ट्रिक घेतली, वर्ल्ड कपमधली पहिलीच, आणि त्याच मॅचमध्ये सुनील गावसकरने वनडेतलं आपलं एकमेव शतक मारलं, ८८ बॉलमध्ये नाबाद १०३. ज्यांनी स्टँडमध्ये बसून ती बघितली ते लोक अजून आपल्या गल्लीत आहेत. त्यांना गाठा, आठवण रेकॉर्ड करा, पण लिहिताना स्कोअर स्कोअरकार्डवरूनच घ्या. तसंच विदर्भाची पहिली रणजी, दिल्लीविरुद्धची इंदूरची फायनल, १ जानेवारी २०१८ ला संपली. दुसरी ७ फेब्रुवारी २०१९ ला, नागपूरच्याच जामठ्याच्या मैदानावर, आणि ७ फेब्रुवारी म्हणजे १९९९ मध्ये कुंबळेने दिल्लीत पाकिस्तानच्या दहाच्या दहा विकेट काढल्या तीच तारीख. तिसरी २ मार्च २०२५. क्रिकेटवेड्या पोरांना इतिहासाकडे ओढायचं असेल तर या तारखांपासून सुरुवात करा, हमखास जमतं.

१ जानेवारीला अजून एक आहे. १८७७ मध्ये याच दिवशी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, आणि नावाचं कारणही त्या तारखेतच आहे, त्या दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं. आज तिथे मॉल आहे. २०२७ च्या १ जानेवारीला दीडशे वर्षं होतात, तेव्हा मिलमध्ये काम केलेल्या घरांकडे आत्ताच जा, फोटो, पगाराची पावती, बिल्ला काही असेल तर बघून घ्या. १० जानेवारीही आपलीच. जागतिक हिंदी दिवस या तारखेला का, तर पहिलं विश्व हिंदी संमेलन १० जानेवारी १९७५ ला नागपुरात सुरू झालं म्हणून. सगळं जग तो दिवस पाळतं आणि नागपूरच्या शाळांमध्ये मात्र कारण सांगत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

नोव्हेंबर सांभाळून

नोव्हेंबर महिना नागपूरच्या वहीत सगळ्यात जड. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, मध्य प्रदेश, केरळ, कर्नाटकवाले तो स्थापना दिवस म्हणून साजरा करतात, आणि आपलं शहर त्या दिवशी मध्य प्रदेशची राजधानी राहिलं नाही, विदर्भ मुंबई राज्यात गेला. यावरून एक गोष्ट लक्षात घ्या, १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली तेव्हा नागपूर अजून मध्य प्रदेशात होतं, महाराष्ट्र राज्य तर १ मे १९६० चं. म्हणून जुन्या घटनेपुढे आजचं राज्य लिहायचं नाही.

२३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली. त्यात बायका आणि लहान मुलं होती. त्या दिवशी फळ्यावर पहिली ओळ तीच, आणि त्या दिवशी सिनेमाची ओळ मी ठेवतच नाही.

मग २६ नोव्हेंबर. १९४९ मध्ये संविधान सभेने संविधान स्वीकारलं, २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, आणि १८१७ मध्ये याच तारखेला संध्याकाळी सीताबर्डीची लढाई सुरू झाली, आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सची फौज, २७ ला संपली. लढाई दोन दिवसांची असेल तर सुरू झाली त्या पानावर पूर्ण नोंद आणि संपली त्या पानावर एक ओळ. या दिवशी मी क्रम असा ठेवतो: संविधान आधी, उद्देशिकेसकट, मग मुंबईतल्या मृतांना अभिवादन, मग सीताबर्डी. वाचकाला किल्ला बघावासा वाटला तर सांगून ठेवा की तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि सर्वांसाठी वर्षातून मोजक्या दिवशी उघडतो, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट.

लिहिताना

पुण्यतिथीला शुभेच्छा देत नाहीत, अभिवादन करतात. ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनाला, "हॅपी" वगैरे काही नाही. मोहरम आणि गुड फ्रायडेचंही तेच, हे दुःखाचे दिवस आहेत. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस म्हणून मराठी भाषा गौरव दिन आणि १ मे हा मराठी राजभाषा दिन, हे दोन दरवर्षी एकमेकांत मिसळतात, तेवढं जपा. महापुरुषाच्या फोटोखाली वाक्य टाकायचं असेल तर ते कोणत्या भाषणातलं, कोणत्या पुस्तकातलं ते माहीत असेल तरच, नाहीतर नुसता फोटो आणि तारीख पुरे. वाक्यं छोटी, आकडे मोठ्या अक्षरात, वर्ष नेहमी, कारण वर्षाशिवाय तारीख मुलांना काहीच सांगत नाही. सकाळी शाळा भरायच्या आधी लिहून झालं पाहिजे, ग्रुपवर टाकत असाल तर सातच्या आत.

कोणी चूक दाखवली तर आधी पुरावा मागा, मग वही उघडा, आणि त्याचं बरोबर असेल तर त्याच जागी, त्याच ग्रुपवर दुरुस्ती टाका, आभार मानून. अशी दुरुस्ती करणारा माणूस पुढे तुमच्यासाठी स्वतः तारखा शोधून आणतो.

सुरुवात पूर्ण वर्षाने करू नका, दमून जाल. येणाऱ्या महिन्याची तीस पानं घ्या, प्रत्येकावर तपासलेली निदान एक नोंद करा, मग पुढचा महिना. २९ फेब्रुवारीचं पानही भरा, मोरारजी देसाईंचा जन्म त्याच दिवशीचा, १८९६, आणि १९०० हे लीप वर्ष नसल्यामुळे त्यांचा पहिला वाढदिवस थेट १९०४ ला आला. मधल्या तीन वर्षी ही नोंद २८ फेब्रुवारीच्या फळ्यावर खालच्या कोपऱ्यात घ्यायची.